ताऱ्यासाठी विकलेला विजेचा खटका

कॅमेऱ्याच्या दुकानात तीस वर्षं काउंटरमागे उभ्या असलेल्या त्या माणसाला सगळे खटकेमामा म्हणायचे. हात न लावता कॅमेऱ्याचं बटण दाबणारे खटके विकावेत ते मामांनीच! आणि त्यांचा बाणा एकच: गिऱ्हाईक रिकाम्या हाती बाहेर पडता कामा नये. त्यांच्या तोंडून 'नाही' निघायचं ते फक्त घरी, बायकोनं माळा आवरायला सांगितला की.

एक दिवस एक आजोबा आले, मुलीचा दंड धरून. जन्मभर शाळाशाळांतून वर्गाचे फोटो काढलेला माणूस. आता नजर अधू होत चाललेली, ती फार तर वर्षभर टिकेल असं डॉक्टरांनी सांगितलेलं. तीन दिवसांनी उल्का पडणार होत्या.

"एवढा एकच फोटो राहिलाय बघा," आजोबा म्हणाले. "पडत्या ताऱ्याचा. टायमर द्या मला. तो लावून ठेवला की कॅमेरा आपला एकामागून एक फोटो काढत राहतो. एखाद्यात सापडेलच तारा."

अगदी बरोबर बोलले होते. पण टायमर संपले होते. मग 'नाहीत' म्हणावं की नाही सरळ? छे! मामांनी आभाळातल्या विजांचे फोटो टिपणारा विजेचा खटका काढला, कॅमेऱ्याला जोडला आणि समोर फ्लॅश उडवला. खट्! कॅमेरा वाजला.

"पाहिलंत? उजेड दिसला रे दिसला की हा स्वतःच बटण दाबतो."

"पण तारा विजेइतका कुठे लखलखतो?"

मामांच्या मनात पाल चुकचुकली. तिला त्यांनी गप्प बसवलं. "अहो आजोबा, उजेड तो उजेड! टायमरचा जमाना गेला."

मुलगी म्हणाली, "बाबा, मामांना जास्त कळतं." आजोबांनी मान डोलावली.

आठवड्याभरानं मुलगी एकटीच आली आणि कॅमेऱ्याची बॅग काउंटरवर ठेवून म्हणाली, "विकायचाय."

"का हो?"

"मी मोजल्या, एकोणीस उल्का पडल्या. कॅमेरा एकदाही वाजला नाही. बाबा म्हणतात, वायर त्यांनीच उलटी खोचली असणार. आता हाताचाही भरवसा राहिला नाही म्हणतात. तुमच्यावर राग नाही हं, मामा. तुम्ही तर नीट दाखवलं होतं."

ती वायर उलटी बसतच नाही. खोबणीच तशी असते, मामांना झोपेतही ते सांगता आलं असतं. आत्ता, या क्षणी बोलायचं होतं. पण मालक शेजारीच बसलेले, आणि तीस वर्षांचं नाव! मामांनी कॅमेरा ठेवून घेतला. पावती फाडली, पैसे दिले आणि वर शहाजोगपणे म्हणाले, "वय झालं की व्हायचंच."

त्या रात्री मामांनी ताटातली भाजी नुसतीच चिवडली. जेवताना बायकोनं विचारलं, "भाजी बिघडली का?" मामा म्हणाले, "भाजी नाही, मी बिघडलोय," आणि सगळं सांगून टाकलं. बायकोनं ऐकून घेतलं. "त्या माणसाला डोळे जाण्याआधीच आंधळं केलंत तुम्ही," एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी स्वतःच्या खिशातून पैसे भरून कॅमेरा सोडवून मामा आजोबांच्या घरी गेले. भिंतीवर वर्गांचे फोटो, रांगेनं. आजोबा खिडकीशी बसलेले. मामा उभ्या उभ्याच बोलले.

"आजोबा, वायर बरोबर होती. तुमचं काही चुकलं नाही. ताऱ्याचा उजेड त्या खटक्याला कळतच नाही. मला शंका होती, तरी दडपून विकला. काल तुमच्या लेकीसमोरही खोटं बोललो. टायमर मागवलाय, आला की मी स्वतः आणून देतो."

आजोबा खिडकीकडून वळले. मग म्हणाले, "म्हणजे मी टायमर मागितला, ते बरोबर होतं?"

"सोळा आणे बरोबर होतं."

"मला नका सांगू. तिला सांगा." त्यांनी आत हाक मारली. मुलगी चहा घेऊन आली. मामांनी तिच्यासमोर पुन्हा सगळं पहिल्यापासून सांगितलं. दुसऱ्यांदा ते जास्त जड गेलं. तिनं मामांपुढे कप ठेवला. मग सवयीनं वडिलांचा कप त्यांच्या ओठांशी नेऊ लागली.

"ठेव खाली," आजोबा म्हणाले. "चार दिवस पाजलास तेवढा पुरे. पुढच्या वर्षी पुन्हा पडतील तारे, तोवर दिसलं तर बघू."

त्यांनी चाचपून कपाचा कान शोधला आणि कप एका हातानं उचलला. हात थरथरत होता, बशीत चहा सांडत होता. तो हात आधीपासूनच थरथरत होता की या चार दिवसांतच थरथरू लागला होता, हे विचारायचं मामांना धैर्य झालं नाही.