टाकीत अर्धं बोट जास्त

सकाळचे नऊ वीस. पाणीवाल्या बाई फरशीवर गुडघे टेकून बसल्या होत्या आणि उघड्या कॉम्प्युटरच्या टाकीवर टॉर्च मारून एका रेघेकडे बघत होत्या. रेघ त्यांनीच मार्करने ओढलेली, शेजारी चार महिन्यांपूर्वीची तारीख. पाणी रेघेच्या वर अर्धं बोट होतं.

"झालं का?" मागून थोरल्या दिरांनी विचारलं. "चार वाजता बिल्डर येतोय. साठ फ्लॅटची किचन दाखवायची आहेत. की त्याला तुझी पाठ दाखवू?"

बाईंनी टॉर्च रेघेच्या आणखी जवळ नेला. त्यांचं वय सत्तेचाळीस. अकरा वर्षं त्या एका डायलिसिस विभागात नळ्या, पंप आणि शुद्ध पाणी सांभाळत होत्या. विभाग बंद पडला तेव्हा त्यांनी पाण्याने थंड होणारे कॉम्प्युटर बांधायला घेतले. अशा यंत्रात गरम चिपवर तांब्याचा ब्लॉक बसवतात. पंप त्यातून पाणी फिरवतो, पाणी तिथली उष्णता उचलतं आणि रेडिएटरमध्ये नेऊन सोडतं. या इमारतीत बाईंच्या देखभालीत अशी सात यंत्रं आहेत, म्हणून सगळे त्यांना पाणीवाल्या बाई म्हणतात. थोरली जाऊ 'आमची प्लंबर' म्हणते, तेही पाहुण्यांसमोर.

हे यंत्र दीर-जावेचंच. दोघं मिळून किचन आणि कपाटं डिझाइन करून देतात. यंत्र त्यांच्या ऑफिसच्या दारासमोर काचेच्या कपाटात ठेवलेलं. बाईंनी सुरुवातीलाच सांगितलं होतं, पाणी बिनरंगी ठेवा, रंग हवाच तर यंत्रातल्या दिव्यांत घ्या. पारदर्शक रंगाने फार तर नळ्या डागाळतात, पण दुधी रंगात बारीक भुकटी असते आणि ती कुठे ना कुठे बसतेच. जावेला भिंतीशी जुळणारा दुधी पुदिना रंगच हवा होता. "लोक इथे रंग बघायला येतात, तुझं तांबं नाही," असं तिने ऐकवलं. बाईंनी तो भरला आणि दर सहा महिन्यांनी बदलायची अट घातली.

सोमवारपासून यंत्र दहा मिनिटांत तापून आपोआप बंद पडू लागलं. मंगळवारी दिरांनी लिफ्टमध्ये वरच्या दोन ऑफिसांच्या मालकांना सांगून टाकलं, "घरच्या माणसाला काम दिलं आणि तोंडघशी पडलो." त्या दोन ऑफिसांत सातांपैकी चार यंत्रं आहेत. त्यांचा वर्षाचा करार याच आठवड्यात संपतो. दोघांनीही बाईंना कळवलं होतं: बिघाडाचं कारण आज दुपारी बारापर्यंत सांगा, नाहीतर आम्ही दुसरा माणूस बघतो.

बाईंनी पाणी काढलं, आठ स्क्रू सोडवले आणि ब्लॉक उघडला. तांब्याच्या केसाएवढ्या खाचांमध्ये निळसर राखाडी लगदा बसला होता.

"बघ!" दीर वाकून म्हणाले. "तुझंच पाणी ना हे?"

"मी रेघेपर्यंत भरलं होतं. चार महिन्यांत पाणी उडून थोडं कमी होतं. इथे वाढलंय. टाकी काही गाभण राहत नाही, भावोजी."

केबिनमधून जाऊ कप घेऊन बाहेर आली. "अगं, मी फक्त शेड जुळवली. एवढं काय?"

गेल्या महिन्यात भिंत नव्याने रंगवली होती. पुदिन्याचा रंग जाऊन तिला निळसर झाक आली होती. जावेने ड्रॉवर उघडून शेडकार्ड काढलं आणि त्याच्यासोबत अंगठ्याएवढी बाटली. पेंटर लोक भिंतीच्या रंगात शेड आणायला मिसळतात तो निळा स्टेनर.

"सहा थेंब," जाऊ म्हणाली. "कपभर फिल्टरच्या पाण्यात ढवळून. कुणाला फरक कळला? रंगात माझा हात कुणी धरणार नाही."

"वहिनी, हा भिंतीला चिकटायला बनवलेला आहे. इथेही चिकटला."

दिरांनी बाटली हातात घेऊन उलटसुलट बघितली. मग म्हणाले, "झाकणाला कुलूप का नाही लावलंस?"

बाईंनी आठही स्क्रू उचलून ॲप्रनच्या खिशात टाकले. "वरच्या दोघांना मेसेज करा. लिफ्टमध्ये बोललात त्याच्या उलट लिहा."

"बिल्डर डोक्यावर बसलाय आणि तू मला शुद्धलेखन घालतेस?"

"साफ करायला एक तास, जोडायला दीड, गळती तपासायला एक. तुम्ही भांडण्यात घालवाल तो वेळ मी गळती तपासण्यातून कापणार. मग जे गळेल ते बिल्डरच्या बुटांवर."

"घरातलं माणूस असून अडवणूक करतेस?"

"लिफ्टमध्ये मी घरातली नव्हते का?"

दिरांनी लिहिलं, 'तांत्रिक कारणाने पाणी खराब झालं.' बाईंनी वाचून फोन परत दिला. दुसऱ्यांदा दिरांनी लिहिलं, 'कुणाकडून तरी चुकून रंग पडला.'

"कुणाकडून? वॉचमनकडून?"

"अहो, माझं नाव घातलंत तर बघा," जाऊ नवऱ्याला म्हणाली.

तिसऱ्यांदा मजकूर जमला: 'आमच्याकडून टाकीत भिंतीचा रंग घातला गेला. देखभालीत चूक नव्हती.' दहा पस्तीसला तो दोन्हीकडे गेला. बाईंनी खिशातून स्क्रू काढून फरशीवर ओळीने मांडले.

मऊ टूथब्रशने खाचा घासल्या. रेडिएटर तीनदा धुतला, तिसऱ्या वेळी पाणी स्वच्छ निघालं. नळ्यांवरचा निळा डाग काही गेला नाही. शेवटी साधं डिस्टिल्ड वॉटर भरलं.

"हे तर नळाचं पाणी वाटतंय," जाऊ म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"म्हणतील, मशीन चालू आहे."

जोडांखाली ठेवलेले टिश्यू तासाभरानंतरही कोरडे होते. दोन वीसला यंत्र सुरू झालं आणि चाळीस मिनिटं किचनची चित्रं काढत राहिलं. बंद पडलं नाही. वरच्या एका ऑफिसचं उत्तर आलं, "ठीक. करार पाठवा." तिथे दोन यंत्रं आहेत. दुसऱ्या ऑफिसने मेसेज वाचला होता, उत्तर दिलं नव्हतं.

बाई हत्यारांची पेटी आवरत होत्या तेव्हा दीर फोनवर होते. त्यांनी मान वर केली नाही. जाऊ रिसेप्शनवरच्या मुलीला म्हणाली, "त्या कपाटावर काहीतरी टाक. बघवत नाही." आवाज मुद्दाम चढवलेला होता. बाईंनी पेटीचं झाकण लावलं आणि जिन्याची वाट धरली. लिफ्टने त्या गेल्या नाहीत.

आज भरलेलं पाणी फक्त आतून धुण्यासाठी आहे. ते फार दिवस ठेवलं तर तांबं काळवंडतं, म्हणून उद्या काढून तिथे गंज रोखणारा बिनरंगी द्रव भरायचा आहे. बाई साडेआठला येणार आहेत. ऑफिसची किल्ली त्यांनी वॉचमनकडे ठेवायला सांगितली आहे. जाऊ साडेनऊच्या आधी ऑफिसात येत नाही.