भत्त्याचा अर्ज

लढाईच्या दिवसांत मी जऊळका स्टेशनातून मेडशीला पायी टपालाची थैली नेत असे. महागाई वाढली तसा कायम नोकरांना भत्ता सुरू झाला, मला नाही. गावचं टपाल सांभाळणाऱ्या शाळेच्या गुरुजींनी मला अर्ज लिहून दिला.

बऱ्याच महिन्यांनी त्यांनी थैलीतलं एक पाकीट फोडलं आणि आतला कागद वाचला.

“काय लिवलं, गुरुजी?”

“तू अर्धवेळ नोकर, तुले भत्ता भेटत नाई म्हणतात.”

“मंग वाट बी अर्धीच चालू काय?”

त्यांनी कागदाची घडी घालून माझ्या हाती दिली. मला आलेला नकार सकाळपासून मीच खांद्यावर वाहून आणला होता. रागावण्याइतकंही त्राण उरलं नव्हतं. पाय धुतले, भाकर खाल्ली आणि दुसऱ्या दिवशीच्या फेरीसाठी वहाणेचा तुटलेला अंगठा शिवायला बसलो.