उस्ता मुक्बिलचं रिकामं म्यान

येमेनमधल्या सनाच्या जुन्या बाजारात आमची जंबियांची, म्हणजे कमरेच्या वाकड्या खंजिरांची, गल्ली आहे. मी पट्टे शिवतो आणि शेजारच्या खोपटात उस्ता मुक्बिल जंबियांना मुठी बसवायचा. दोघांच्या मध्ये एक फळी होती, आणि तीही इतकी फुटकी, की त्याला शिंक आली तर दुवा मी इकडून द्यायचो. असं चौतीस वर्षं चाललं. त्याच्याबद्दल आज सगळं सांगायला बसलोय ते काही चांगुलपणानं नाही, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्याकडे मिसरूड फुटलं की पोरगा कमरेला जंबिया बांधतो, तो थेट कबरीपर्यंत. मशिदीत, लग्नात, कांदे आणायला, सगळीकडे तो पोटावर असतो. जंबियाशिवाय घराबाहेर पडणं म्हणजे लुंगी विसरून बाहेर पडणं. पण तो उपसायचा नसतो. लोक आमच्या गल्लीत येतात ते मूठ बसवायला, म्यानाचं कातडं बदलायला, पोट सुटलं म्हणून पट्टा वाढवायला. अर्ध्या पात्यांनी टोमॅटोसुद्धा धड चिरणार नाही. त्यामुळे कुणी ‘जरा धार लावून द्या’ म्हणालं, की आख्ख्या गल्लीचे हात थांबतात. कुणीतरी मरणार, हे सगळ्यांना त्याच क्षणी कळतं.

उस्ता दिसायला काटकुळा. लाखेच्या धुरानं डावा डोळा कायम मिटलेला, डाव्याच गालात दुपारनंतर कात नावाच्या झिंग आणणाऱ्या पाल्याचा गोळा. बोलणं कमी, पण माझ्या पट्ट्यांवर जीभ सैल सुटायची.

“दहमान, हा पट्टा माणसाला आहे की गाढवाला?”

“गाढवालाच. तुझं माप घेऊन शिवलाय.”

मग तो हसायचा, आणि हसता हसता खोकायचा. मूठ बसवावी तर त्यानंच. पात्याची शेपटी शिंगाच्या पोकळीत घालून वरून वितळलेली लाख ओतायची, आणि लाख थंड होईतो हात हलू द्यायचा नाही. त्याची मूठ पाच पिढ्या सुटत नाही, असं डोंगरातले लोकही सांगायचे.

तरुणपणी त्यानं एकदा धार लावून दिली होती. एक गोडबोल्या माणूस ‘बोकड कापायचाय’ म्हणून आला. तिसऱ्या दिवशी त्याच पात्यानं भाजीबाजाराबाहेर एक मेथीवाला मेला. मेथीवाल्याला चार मुली होत्या. उस्ता पुढे वर्षानुवर्षं त्या घरी गव्हाचं पोतं पोचवायचा, आणि दार उघडणाऱ्या पोरीशी त्याला एक शब्द बोलता यायचा नाही. तेव्हापासून त्यानं कानाला खडा लावला होता. मूठ बसवीन, धार लावणार नाही.

मग ती थंडी आली, ज्या वर्षी डाळिंबं झाडावरच फुटली. एका सकाळी शायिफ त्याच्या दुकानात शिरला. हा धान्यबाजारातला हमाल, बावीस-तेवीसचा, पाठीवर दोन पोती घेऊन गाणं म्हणत चालणारा. सगळ्यांना माहीत होता, आणि त्याच्या गावचं भांडणही सगळ्यांना माहीत होतं. विहिरीच्या पाण्यावरून त्याच्या घराण्याचं आणि बनी रुकैब टोळीचं वैर पेटलं होतं. दोन्हीकडचा एकेक माणूस गेला होता. तिसरा कोण, एवढाच प्रश्न उरला होता.

“उस्ता, आजोबांच्या जंबियाचं पातं मोडलं. दुसरा हवाय.”

भिंतीवर तीसेक टांगलेले होते. बाकीची पोरं आधी मूठ बघतात, शिंग किती पिवळं, चांदीची फुलं किती. ह्यानं मुठींकडे ढुंकूनही पाहिलं नाही. एकेक पातं उतरवून नखानं टिचकी मारायची, कानाशी धरायचं, परत टांगायचं. सातवं पातं बराच वेळ वाजत राहिलं. आखूड, ताठ, काळपट पातं. त्यानं तेच घेतलं.

“ह्याची मूठ जुनी आहे. नवी कुठली घालू?” उस्तानं विचारलं.

“कुठलीही. हातातून निसटणार नाही अशी.”

“म्यान?”

“आजोबांचं आहे.” ते कमरेचं सोडून त्यानं पुढे ठेवलं आणि म्हणाला, “आणि धार लावून द्या.”

फळीच्या इकडे माझी सुई थांबली.

“बोकड कापायचाय?” उस्तानं विचारलं.

“नाही.”

“मग?”

“लावून द्या, उस्ता.”

एवढंच. ताकास तूर लागू दिली नाही पोरानं. बोलताना तो पाठ भिंतीला टेकून बसला होता आणि डोळे सारखे गल्लीच्या तोंडाकडे. मी मनात म्हटलं, सावज शोधतोय. उस्तानं त्याला गुरुवारी यायला सांगितलं.

तो गेल्यावर मी आल्याचा किश्र, कॉफीच्या टरफलांचा काढा, घेऊन फळीपलीकडे गेलो. उस्ता ते पातं हातात उलटसुलट करत होता.

“तिसरा माणूस ह्या पात्यानं मरणार,” तो म्हणाला.

“मग नाही म्हण.”

“नाही म्हटलं तर कोपऱ्यावरचा हमूद सहाणवाला आहेच. तो आईच्या जिभेलाही धार लावून देईल.”

हे खरं होतं. आणि तेव्हा मी, उंटावरचा शहाणा, बोलून गेलो. “धार लाव. हवी तेवढी लाव. मूठ कच्ची बसव. लाखेत खडूची पूड घाल आणि म्यान आतून आवळ. झटका देऊन उपसला की मूठ हातात येईल आणि पातं राहील म्यानात. लोक हसतील, पोरगा लाजेल, वर्षभर तोंड दाखवणार नाही. पण एक जीव वाचेल.”

उस्तानं माझ्याकडे त्या एका उघड्या डोळ्यानं बघितलं. “ह्याला कारागिरी म्हणतात?”

“पुन्हा मेथीवाल्याच्या दारात उभं राहायचंय का तुला?”

त्यानं पातं खाली ठेवलं आणि लाखेचा डबा पुढे ओढला. मेथीवाल्याचं नाव मी मुद्दाम काढलं होतं.

बुधवारी आम्ही दुकानाची दारं लोटून घेतली. मी भाता धरला, त्यानं लाख वितळवली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्यात खडू मिसळला. काम वरून इतकं सुरेख दिसत होतं, की मलाच शंका आली. गुरुवारी शायिफ आला. उस्तानं स्वतःच्या हातानं, हळूच, जंबिया उपसून दाखवला. हळू उपसला की तो निघत होता. धार केसाला लावली तर केस पडत होता.

पोरगा उस्ताच्या खांद्याचं चुंबन घेऊन म्हणाला, “आता झोप येईल मला.”

हे शब्द मी ह्या कानांनी ऐकले. खून करायचं ठरलं की माणूस असाच शांत होत असेल, असं वाटलं मला. आमच्या गल्लीत जन्म गेला, म्हणून आम्हाला धारेचा एकच अर्थ ठाऊक होता.

पुढचे आठ दिवस उस्ता धड जेवला नाही. सलत्याचं, मटणाच्या रश्श्याचं, भांडं समोर उकळत यायचं आणि तसंच थंड व्हायचं. येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायचा, वेशीबाहेर काही घडलं का. मी म्हणायचो, घडलं तर लोक हसत येतील, तू काळजी करू नकोस. नवव्या दिवशी दुपारी धान्यबाजारातला एक म्हातारा हमाल धावत आला. तो हसत नव्हता.

बाजारात कुणी हात उचलत नाही. बाजार सगळ्या टोळ्यांच्या शब्दावर चालतो. पण बाब-अल-यमनची वेस ओलांडली की तो शब्द संपतो. तिथे, जिथे डोंगरातले ट्रक थांबतात, शायिफ पोती उतरवत होता. बनी रुकैबचे दोघे ट्रकच्या मागून आले. एकानं जंबिया उपसला. पोरानंही उपसला, झटका देऊन, जीव खाऊन. मूठ त्याच्या हातात आली. हमाल म्हणाला, तो क्षणभर त्या मुठीकडे नुसता बघत उभा राहिला. मग तोच हात त्यानं तोंडासमोर धरला. उजव्या हाताची तीन बोटं तिथेच पडली, दुसरा घाव खांद्यात गेला. हमालांनी पोती टाकून त्या दोघांना दाबलं, म्हणून तो वाचला.

“महिन्याभरापूर्वीच निरोप आला होता त्याला,” म्हातारा म्हणाला. “तिसरा तू, म्हणून. कुणाला बोलला नाही बिचारा. पोतं उचलतानासुद्धा पाठ भिंतीला लावून असायचा.”

भीती वाटते, हे वाक्य आमच्याकडे पुरुषाच्या तोंडातून निघत नाही. आणि कुणाला भीती वाटते का, असं आम्ही विचारतही नाही. साप साप म्हणून आम्ही भुई धोपटली होती, आणि साप भलत्याच बाजूनं आला. उस्ता खाली बसला. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, आणि ते मला बरं वाटलं. आज सांगताना त्या बरं वाटण्याची लाज वाटते.

पुढे शेख मंडळी मध्ये पडली. बनी रुकैबनी माफी म्हणून शायिफच्या दारात बैल कापले, समेट झाला, गावचं वैर मिटलं. गल्लीत मात्र चेष्टा सुरू झाली. “उस्ताची लाख म्हातारी झाली,” असं हमूद सहाणवाला येता-जाता म्हणायचा. उस्ता ऐकून घ्यायचा.

महिन्याभरानं शायिफ आला. उजव्या हाताला फडकं गुंडाळलेलं, डाव्या हातात ती शिंगाची मूठ, कमरेला आजोबांचं म्यान, पातं काढून टाकलेलं. त्यानं ती उस्ताच्या ऐरणीवर ठेवली. मी मध्ये फळी असूनही उठून पुढे आलो होतो. आख्खी गल्ली आली होती.

“उस्ता, तुमची मूठ पाच पिढ्या सुटत नाही म्हणतात. ही कशी सुटली?”

लाख म्हातारी झाली, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. लोकांनीच ते उत्तर तयार ठेवलं होतं.

“मीच कच्ची बसवली होती,” उस्ता म्हणाला. “मला वाटलं, तू कुणाला मारायला निघालास.”

उस्तानं कमरेचा स्वतःचा जंबिया म्यानातून काढला, त्याच्या वडिलांचा, आणि दोन्ही तळहातांवर आडवा धरून पोरासमोर केला. आमच्याकडे चूक करणारा असा आपला जंबिया देतो, तेव्हा तो म्हणत असतो, न्याय तूच कर, करशील तो मान्य. बहुतेक वेळा समोरचा तिथल्या तिथे परत देतो, गळाभेट होते, किश्र येतो. सगळे त्याचीच वाट बघत होते.

शायिफनं डाव्या हातानं जंबिया उचलला. “तुम्ही एकट्यानं केलं?”

“एकट्यानं.”

त्यानं एकदा सगळ्या गल्लीवर नजर फिरवली. मग तो जंबिया स्वतःच्या आजोबांच्या रिकाम्या म्यानात घातला.

“न्याय?” कुणीतरी विचारलं.

“करीन. घाई काय आहे?”

अकरा वर्षं गेली. पोती उचलणं सुटलं, म्हणून शायिफ जवळच्या सराईत पहारेकरी झाला आणि रोज दुपारी उस्ताचा जंबिया कमरेला लावून आमच्या गल्लीतून जाऊ लागला. “सलाम, उस्ता.” “सलाम, बेटा.” एवढंच बोलणं. उस्ताच्या भिंतीवर तीस जंबिये लटकत होते, पण न्याय होईतो त्याला एकही बांधता येत नव्हता. दोन मुलींच्या लग्नात तो पोटावर रिकामं म्यान बांधून उभा राहिला. नवऱ्या मुलाकडचे कुजबुजले, आणि मी पाहुण्यांना खजूर वाटत फिरलो. त्याची बायको नूरिया मला दोनदा म्हणाली, “दहमानभाई, तुम्ही त्या पोराशी बोला ना. तुमचं ऐकेल तो.” मी दोन्ही वेळा हो म्हणालो.

उस्तानं मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. पट्ट्यांवरची चेष्टा मात्र थांबली.

ह्या थंडीत तो गेला. न्हाऊ घालताना म्यान काढून बाजूला ठेवलं, ते हलकं लागलं हाताला. दफनावरून परतल्यावर शायिफ नूरियाच्या दारात गेला, जंबिया तिच्यासमोर ठेवला आणि म्हणाला, “माफ केलं.” मग तो तिथून सरळ माझ्या दुकानात आला. पहिल्यांदाच तो माझ्याकडे बसला, पाठ भिंतीला न लावता.

“दहमानकाका, उस्तांना मी त्याच दिवशी माफ केलं होतं,” तो म्हणाला.

“मग अकरा वर्षं त्याला तसं फिरवलंस कशाला?”

“लाख वितळताना एक हात पात्यावर लागतो, एक मुठीवर. मग भाता धरणारा दुसरा कुणीतरी हवाच, आणि तो कोण, हे मला शेजारच्या खोपटात रोज दिसत होतं. वाटलं, उस्ताचं म्यान बघून तो कधीतरी स्वतः पुढे येईल.”

मी सुईत दोरा ओवत होतो. तो ओवला जात नव्हता. “मला काय ठाऊक,” मी म्हणालो.

त्यानं मान हलवली. रागावला नाही. “बरं,” म्हणाला, “उद्या येतो.”

तेव्हापासून तो रोज दुपारी येतो. सलाम करतो, पण आधी माझ्या कमरेच्या जंबियाकडे बघतो.