वन्संचे दहा प्रश्न

जयपुरातल्या मराठी घरांत जिला एकदा जेवायला बोलावल्यावर दुसऱ्यांदा बोलावण्याचं धाडस कुणी केलं नाही, अशी एकच बाई आहे आणि ती माझी सख्खी नणंद आहे. मी त्यांना वन्सं म्हणते. स्वभावाने त्या वाईट मुळीच नाहीत. कुणाकडेही गेल्या तरी पदर खोचून पोळ्या लाटायला बसतात. पण ताटं वाढून झाली की यजमानांना अगदी मायेने विचारतात, "दारू किती घेता?" घेता का, असं नाही, किती. घेता का विचारलं की माणूस नाही म्हणतो आणि विषय संपतो, असं त्यांचं म्हणणं. गणपतीच्या आरतीनंतर एका कर्नलसाहेबांना त्यांनी हेच विचारलं, हातात प्रसाद असताना. साहेबांनी आधी मोदक संपवला, पाणी प्यायले आणि मग खरं उत्तर दिलं. त्यांच्या बायकोने मात्र आमच्याशी वर्षभर अबोला धरला. मी वन्संना म्हटलं, निदान सणावारी तरी नको. त्यावर त्या म्हणाल्या की सणावारी माणसं पितातच, मग विचारायलाच काय हरकत आहे?

खरं तर ते त्यांचं कामच होतं. जयपुरातल्याच झालाना भागातल्या एका संशोधन संस्थेत त्यांनी उभी हयात काढली. शेवटची काही वर्षं एकच अभ्यास चालला होता. ताप, खोकला, पाठदुखी असलं काहीही घेऊन साध्या दवाखान्यात आलेल्या प्रत्येकाला दारूबद्दलचे ठरलेले दहा प्रश्न विचारायचे, ज्याचं पिणं हाताबाहेर चाललंय असं दिसेल त्याच्याशी तिथेच दहा मिनिटं बोलायचं, आणि त्या बोलण्याने काही फरक पडला का, ते काही महिन्यांनी पुन्हा जाऊन पाहायचं. बोलण्याचे नियम कडक होते. उपदेश नाही, भीती घालणं नाही, देवाची शपथ तर नाहीच. "शपथ घातली की माणूस दारू सोडत नाही, आपल्याला सोडतो," असं त्या सांगत. ज्याचे हात सकाळीच थरथरतात त्याला मात्र त्या गप्पा मारत बसवत नसत. सरळ डॉक्टरांकडे घेऊन जात.

त्यांच्या वरिष्ठांना हे सगळं मान्य होतं, फक्त बायकांना प्रश्न विचारणं मान्य नव्हतं. जयपूरजवळच्या चाकसू गावच्या दवाखान्यात वन्संनी घुंघट घेतलेल्या बायकांनाही तेच दहा प्रश्न विचारले, तेव्हा दोन-चार नवरे तक्रार घेऊन थेट झालान्याला आले. साहेबांनी वन्संना बोलावून सांगितलं, "मॅडम, यहाँ की औरतें नहीं पीतीं." वन्सं म्हणाल्या, "बिना पूछे आपको कैसे पता?" मग त्यांनी एक कोरा कागद त्यांच्यापुढे सरकवला आणि बायकांना विचारू नये, एवढं लिहून सही करा म्हणाल्या. साहेबांनी कागद उलटून पाहिला, पेनाचं टोपण काढलं, पुन्हा लावलं. सही झाली नाही. दुसऱ्या दिवशी वन्सं पहिल्या बसने चाकसूला हजर. त्या आठवड्यात एका पन्नाशीच्या बाईने सगळे प्रश्न शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाली की बारा वर्षं होत आली, घरात कुणालाही माहीत नाही. तिच्याशी दहा मिनिटांऐवजी दीड तास बोलणं झालं. अभ्यासाचा नियम मोडला म्हणून वन्संनी स्वतःच तशी नोंद केली आणि खाली आपलं नाव लिहिलं.

हे सगळं मी कौतुकाने ऐकायची, ते वन्सं आमच्या घरी ते दहा प्रश्न घेऊन येईपर्यंत. माझे यजमान बँकेत अधिकारी, वन्संचे धाकटे भाऊ. विद्याधर नगरच्या आमच्या घरी रविवारी सकाळी पोहे खाताना वन्संनी त्यांनाच गाठलं. ते म्हणाले, रोज दोनच पेग. वन्संनी त्यांचा नेहमीचा ग्लास मागवला, पाण्याचा जग पुढे ठेवला आणि रोज ओततोस तसं दोनदा ओत म्हणाल्या. दोन्ही वेळचं पाणी त्यांनी औषधाच्या मापाने मोजलं. ते जवळजवळ पाच पेग भरलं. यजमान चिडून उठले. आपल्या घरात येऊन आपल्यालाच मापतेस का, म्हणाले. मीही त्यांचीच बाजू घेतली, हे कबूल करते. मला वाटत होतं, घरातलं घरात राहावं. वन्सं जागच्या हलल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की पिणं कमी करणं तुला किती महत्त्वाचं वाटतं, शून्य ते दहात सांग. यजमान तुसडेपणाने म्हणाले, "तीन."

"बरं. मग शून्य का नाही?"

यजमान उभेच होते. मग खाली बसले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "लेकीचा रोज रात्री फोन येतो. मी बोलतो तिच्याशी. सकाळी काय बोललो ते आठवत नाही."

मला हे माहीत नव्हतं. एका घरात राहून माहीत नव्हतं.

पुढे सगळं गोडच झालं असं नाही. तीन महिने ते बहिणीशी धड बोलले नाहीत. पिणं कमी झालं, दिवाळीत वाढलं, पुन्हा कमी झालं. आता शनिवारीच घेतात, आणि लेकीची परीक्षा कधी आहे ते मला त्यांच्याकडून कळतं. वन्सं मात्र याचं श्रेय घेत नाहीत. दहा मिनिटांनी काही जणांना फरक पडतो, काहींना काडीचाही पडत नाही, आणि कुणाला पडेल ते आधी सांगता येत नाही, हेच त्यांनी आपल्या अहवालातही लिहिलं.

गेल्या वर्षी निवृत्त होऊन त्या सांगलीला निघाल्या. सामान बांधून झाल्यावर चहा घेताना यजमानांनी विचारलं, "ताई, तू या कामात शिरलीस तरी कशी?"

वन्सं म्हणाल्या, "अण्णांमुळे." यजमानांना काही कळेना. वडील गेले तेव्हा ते सहा वर्षांचे होते. अण्णा पोटाच्या दुखण्याने गेले, एवढंच त्यांना ठाऊक. "पोटाचंच होतं," वन्सं म्हणाल्या. "चार डॉक्टर झाले. प्रत्येकाने जीभ पाहिली, पोट दाबलं, गोळ्या दिल्या. किती पिता, ते कुणी विचारलं नाही. मीही नाही. मी सतरा वर्षांची होते, मला सगळं दिसत होतं."

"तू विचारलं असतंस तर सांगितलं असतं त्यांनी?"

"माहीत नाही रे," वन्सं म्हणाल्या.

यजमानांनी बहिणीचा कप पुन्हा चहाने भरला. मी आत जाऊन उगाच भांडी आवरत राहिले.