पुस्तकातले राक्षस आणि आमच्या उसातली डुकरीण

डुकरिणीने माझ्या धाकट्या जावेची मांडी तोंडात धरली आणि कुत्रं चिंधी झटकतं तशी झटकली. जाऊ आडवी पडली. मी बांधावर पडलेला कोयता उचलून धावले आणि डुकरिणीच्या पाठीवर घातला. तो उसळून परत आला आणि माझ्या मनगटात कळ गेली. दुसरा घाव दोन बोटं आत गेला आणि तिथेच अडकला. तरी तिने पकड सोडली नाही. मांस तुटल्याचा आवाज मी ऐकला. ओलं फडकं टरकावल्यासारखा होता.

मी चौथी शिकले. म्हातारपणी मला राक्षसांच्या, जादूच्या आणि परग्रहावरच्या लोकांच्या कादंबऱ्यांचा नाद लागला. माझी नात जालन्याला एमआयडीसीत बियाण्याच्या कंपनीत आहे. घनसावंगीकडे आमच्या गावी आली की वाचनालयातल्या पुस्तकांची पिशवी माझ्यापुढे ठेवते. अंतराळयानं, तारे, दुसऱ्या ग्रहावरची शहरं, हे सगळं मला पटतं. गावात पहिल्यांदा वीज आली तेव्हा बाया बटणाला हात जोडत होत्या, हे मी पाहिलेलं आहे. पटत नाही ते मारणं. एका घावात राक्षसाचं मुंडकं उडतं आणि नायकाचे कपडेही खराब होत नाहीत. लिहिणाऱ्याने कधी कोंबडीसुद्धा कापलेली नसावी.

दुसरं म्हणजे, राक्षस अंगावर का आला हे कुणी सांगत नाही. तो जन्मतःच वाईट, विषय संपला. मी हे बोलले की नात म्हणते, "आज्जे, गोष्ट आहे ती."

"गोष्ट असली म्हणून काय झालं? खोटं बोलायला बी म्हायती लागते."

त्या दिवशी आमची ऊसतोड चालली होती. टोळी दोन्ही बाजूंनी तोडत आत सरकते, तशी रानातली जनावरं मधे गोळा होतात. शेवटच्या चार-पाच सऱ्या उरल्या की ससे, कोल्हे, डुकरं सगळी तेवढ्यात कोंडलेली असतात. म्हणून आमच्याकडे नदीची बाजू मोकळी ठेवतात. तिकडे माणूस नाही, कुत्रं नाही. जनावरं त्या वाटेने निघून जातात आणि मग उरलेला ऊस तोडतात. पण औंदा नदीच्या बाजूला जावेने हरभरा पेरला होता. घाटे भरले होते. डुकरं त्यातून जातील म्हणून ती काठी घेऊन बरोबर त्या वाटेवर उभी राहिली.

टोळीचा मुकादम ओरडला, "मावशे, तिथून निघ!"

"अन् माझा हरभरा तुझा बाप राखतो का?"

लोक हसले. मुकादमाने माझ्याकडे पाहिलं, कारण घरात वडीलधारी मी. मी बांधावर पुस्तक घेऊन बसले होते. जावेनेही पाहिलं.

"घ्या, आमच्या बाई! सुईत दोरा ववता येईना अन् राक्षसाच्या गोष्टी वाचून राह्यल्या. बाई, राक्षस निघाला की सांगा बरं का!"

लोक पुन्हा हसले. मी उठून तिला दंडाला धरून ओढायला हवं होतं. मला राग आला होता. राहा उभी, असं मनात म्हटलं आणि पान उलटलं. त्या पानावर राजाच्या फौजेने राक्षसाची गुहा चारही बाजूंनी वेढली होती. एक बाजू सोड की मूर्खा, असं मी त्या राजाला म्हटलं. पन्नास पावलांवर जाऊ उभी होती, तिला म्हटलं नाही.

कुत्रं भुंकलं आणि डुकरीण बाहेर आली.

तिला मारायला सहा जण लागले. कोयते कातडीवरून घसरत होते. एकाचा कोयता दुसऱ्याच्या बोटाला लागला. ती ओरडत होती, जाऊ ओरडत होती, कोण कुठलं ते कळत नव्हतं. मेल्यावरही तिचा जबडा उघडेना. मी तिच्या नाकाडावर गुडघा दिला आणि मुकादमाने कोयत्याची मूठ दातांत घालून जबडा फाकवला. जावेच्या मांडीतून हाडाचा पांढरा तुकडा दिसत होता. मी तिच्याच लुगड्याचा पदर फाडून वर घट्ट आवळला आणि तिला टेम्पोत घातलं.

जालन्याच्या वाटेवर तिचे ओठ पांढरे पडले. म्हणाली, "बाई, पुस्तकात आता काय व्हतं?"

"आता नायक भाषण करतो. तू गप पड."

"मी मरती का?"

"मला ठाव न्हाई," मी म्हटलं. मग तिला सांगितलं, की वाट सोड म्हणायचं माझ्या ओठांवर आलं होतं, मी मुद्दाम गिळलं.

तिने डोळे मिटले. मला वाटलं, गेली. मग म्हणाली, "मला बी ठाव व्हतं की. हरभऱ्यापायी उभी राह्यले. तुमचं कुठं ऐकलं असतं!"

नंतर मुकादमाने मला पुढचं सांगितलं. आम्ही सगळे डुकरिणीभोवती होतो तेव्हा नदीची बाजू रिकामी झाली होती. उसातून तिची पिलं निघाली आणि हरभऱ्यातून नदीकडे गेली. कुणी काठी उचलली नाही.

जावेला दोन महिने दवाखान्यात काढावे लागले. आता लंगडते. डुकरीण मेली. जाऊ जगली आणि चार पिलं जगली.