ब्लाईंड म्हणजे ब्लाईंड

ही गेल्यावर मुलगा दर रविवारी काळाचौकीला यायला लागला. बोलायचं काय, ते दोघांनाही सुचत नव्हतं. मग त्याने पत्ते आणले आणि मला पोकर शिकवलं. पैशांचं नाही, चिंचोक्यांवर.

त्याला अँटॉप हिलला सरकारी क्वार्टर आहे. तिकडे राहायला चला, म्हणून मागे लागला होता. मी खोली सोडणार नव्हतो. एका रविवारी म्हणाला, "बाबा, तुमचे चिंचोके संपले तर माझ्याकडे यायचं. माझे संपले तर मी पुन्हा विषय काढणार नाही."

मी म्हटलं, "पत्ते वाट."

दोघांचाच डाव. वाटणारा एक चिंचोका टाकतो, समोरचा दोन. पत्ते बघायच्या आधीच. त्याला ब्लाईंड म्हणतात. पुढे वाढवायचं तेही ठरलेलंच, दोन नाहीतर चार. ढीग सरकवून कोणी घाबरवू शकत नाही. ते मला पटलं.

आमच्या मंडळात गणपतीच्या जागरणाला तीन पत्ती चालायची. तिथे ब्लाईंड म्हणजे पत्ते पालथेच ठेवून खेळायचं. मी तसेच ठेवले. तो वाढवत होता, मी भरत होतो.

बऱ्याच वेळाने त्याच्या लक्षात आलं. "बाबा, तुम्ही पत्ते बघतच नाय?"

"ब्लाईंड आहे ना?"

"अहो, ते फक्त टाकण्यापुरतं. नंतर बघायचं. भिकार असतील तर सोडून द्यायचं. टाकलेले गेले, ते आता तुमचे नाहीत."

"मी टाकले तर माझेच."

"राखा की. पण बघून राखा."

"ब्लाईंड म्हणजे ब्लाईंड. माका शिकवू नको."

तो हसला. हिच्यासारखंच, नाकातून. मला काही वाटलं नाही. हल्ली वाटत नाही.

एकदोन डाव मला लागले. मग ढीग उतरत गेला. त्याने वाढवणं बंद केलं, तेव्हा मी त्याला दटावलं, "नीट खेळ." शेवटचे चार सरकवले आणि पत्ते उघडले. त्याची नव्व्यांची जोडी होती. माझं काहीच जमलं नव्हतं.

मी उठलो, खुंटीवरचा शर्ट घातला, कुलूप घेतलं.

"आत्ताच?" तो म्हणाला. "बाबा, मी असंच म्हटलं होतं."

"मी असंच नव्हतं म्हटलं."

तो चिंचोके गोळा करत बसला. मग म्हणाला, "चहा तरी घेऊन निघू."

घरात दूध नव्हतं.