मुरबाडला लाईट गेली आणि मी मान डोलावली

मित्रांनो, गेल्या आठवड्यात मी इथेच मिरवून घेतलं होतं. व्हर्च्युअल लॅबच्या ओपन सोर्स, म्हणजे कुणीही भर घालू शकेल अशा सॉफ्टवेअरला आणखी एका क्लाउड कंपनीचा सपोर्ट मी जोडला म्हणून; आता ते त्या कंपनीच्या मशीनवरही चालतं. तुम्ही अभिनंदनही केलंत.

आज मुरबाडच्या एका कॉलेजात त्यावर पहिलं प्रॅक्टिकल होतं, मीही बघायला गेलो होतो. जुन्या कम्प्युटरवर फक्त ब्राउझर उघडायचा, काम चालतं क्लाउडवरच्या मशीनवर. मुलं तासभर रंगून प्रोग्राम लिहीत होती, तेवढ्यात लाईट गेली.

वीस मिनिटांनी आली. सगळ्यांनी पुन्हा लॉगिन केलं, तर समोर कोरं मशीन. कुणाचंच काही उरलं नव्हतं.

मला कारण लगेच कळलं. कनेक्शन तुटलं की मशीन थांबवून जपून ठेवायचं असतं. तो भाग किचकट होता, म्हणून मी दहा मिनिटांनी ते सरळ डिलीट होईल असं लिहिलं होतं. वर कोडमध्येच स्वतःसाठी शेरा, 'नंतर बघू'. ठाण्याच्या ऑफिसात बसून लिहिलं, तिथे लाईट जात नाही. पण मी मूळचा शहापूरचा, लाईट जाण्यातच वाढलेला. हे मला कुणी शिकवायला हवं होतं का?

पुढच्या बाकावरची मुलगी प्रॅक्टिकल घेणाऱ्या मॅडमना हळूच म्हणाली, "मॅडम, माझंच कायतरी चुकलं असंल. सेव नीट केलं नसंल मी."

"पुढच्या वेळी लक्ष दे," मॅडम म्हणाल्या आणि माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली.

घरी येऊन कोड दुरुस्त केला, दीड तासात झाला. मॅडमना फोन करायचाय, तेव्हापासून मोबाइल हातात घेऊन बसलोय. तुम्ही माझ्या जागी असतात तर पहिलं वाक्य काय बोलला असतात?